मोकळं म्हणेपर्यंत

१४ ऑगस्ट

सकाळी हर्सूलचं मैदान. वारा तळ्याकडून, नेहमीसारखा लबाड. नामदेव माझ्या आधी येऊन टार्गेट लावून बसलेला. पोलिसातली रात्रपाळी करून थेट आला होता, तरी गड्याला जांभई नाही. मी पूर्ण झोप घेऊन दोनदा दिली.

नवीन दोन पोरी आल्यात. त्यांना नियम सांगितला, मला इथल्या जुन्या सरांनी सांगितला तसाच. आपल्या आणि टार्गेटच्या मधून वस्तीची पायवाट जाते. म्हणून एकानं मारायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहून वाट बघायची. मागचा 'मोकळं' म्हणाला की बाण सोडायचा. नाही म्हणाला तर धनुष्य खाली. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पण आम्हाला समोर दिसतंच की." म्हटलं, ओढून धरल्यावर दोरीतल्या त्या बारक्या भोकातून फक्त पिवळा ठिपका दिसतो, म्हैससुद्धा दिसत नाही. हसल्या. तेवढ्यात रज्जाकचाचांच्या म्हशी आल्याच.

शाळेत शिकवायला जायला उशीर. मी घेते तो पी.टी.चा तास बुडाला.

१७ ऑगस्ट

परदेशातल्या स्पर्धेसाठी देशाच्या संघात नाव आलं! माझं आणि नामदेवचं, दोघांचंही. तीनदा चाळणीत राहून गेलेली बाई मी, फोनवर ऐकून पहिल्यांदा वाटलं की नामदेवचंच सांगतायत.

चार बायका, चार पुरुष. पण मिश्र सांघिकला जोडी एकच. तिथं पहिल्या दिवशी जी पात्रता फेरी होईल तिच्यात आपल्यांपैकी जी बाई पहिली आणि जो पुरुष पहिला, ती जोडी. ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंड, म्हणजे आमचं चाकांचं धनुष्य, पहिल्यांदाच येतंय, तेही फक्त मिश्र. म्हणजे दार एकच आणि ते दोघांनी मिळून ढकलायचं. या स्पर्धेत मिश्रमध्ये जे चमकतील त्यांच्याकडे पुढे बघतील, हे उघड आहे.

मी छत्तीसची. मला ते हवंय. रोजनिशीत तरी साळसूदपणा कशाला.

२३ ऑगस्ट, बिडकीन

सासरी निरोप घ्यायला. सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी, वर लिंबाचं लोणचं. परदेशात चटणी कशी न्यायची म्हणाले तर, "त्यांना कळू दी ना, काय असतंय ते." दिवसभर त्यांचं एकच चालतं, उरक. भाकरी उरक, न्हाणं उरक, बोलणं उरक. मी रडायला लागले तर, "काय रडू लागली? उरक ते बी. गाडी थांबलीय."

लेक ओवी त्यांच्याकडेच राहणार. संदीपला कंपनीतून सुट्टी नाही, पण रोज ड्यूटी संपली की इकडे येऊन झोपणार म्हणाला. ओवी आठ वर्षांची आहे आणि मला बाय म्हणायलाही धड थांबली नाही, वासराकडे पळाली. बरंच झालं. या घरात सून होऊन आले तेव्हा धनुष्य माळ्यावर गेलं असतं तर कोण विचारणार होतं? आत्याबाईंनीच ते खाली ठेवायला लावलं. वर उंदीर आहेत म्हणाल्या. कारण काही का असेना.

३ सप्टें.

पोहोचलो. मोठं स्पर्धानगर, सगळ्या खेळांचे लोक. जेवणघरात एक कुस्तीगीर माझ्यासमोर एवढं जेवला की मी माझं विसरले. चटणी सुखरूप आली. नामदेवनं भातावर घेतली आणि मान खाली घालून जेवला. त्याला घरची आठवण आली की तो बोलत नाही. तसा एरवीही बोलत नाही म्हणा.

देवगाव रंगारीला त्याच्या वडिलांची मेंढरं आहेत. पावसाळा असल्यामुळे ते सध्या घरीच आहेत. फोनवर त्यांनी एकच विचारलं म्हणे, "तिकडं गवत कसंय?" नामदेवनं मैदानाचा फोटो पाठवला. "लई बारीक कापलंय," असा शेरा आला.

५ सप्टें.

पात्रता फेरी. वारा नाही, ऊन मऊ. असा दिवस मला हर्सूलला वर्षातून चारदा मिळतो.

आमच्या चौघींत मी आणि ती उंच पोरगी, एकोणीसची, सारख्या गुणांवर. दहा किती, ते मोजले. माझे एकानं जास्त. एकानं! तिनं येऊन मिठी मारली, "दीदी, मुबारक." मी तिच्या वयाची असते तर तोंड फिरवून बसले असते. पोरगी मोठ्या मनाची आहे.

पुरुषांत नामदेव पहिला. त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हतीच.

म्हणजे जोडी आम्ही. एकाच मैदानावरची, एकाच पायवाटेची. को. सर (संघाचे कोच, हरियाणाचे, आवाज तोफेसारखा) म्हणाले, "तुम लोगों को तो आदत होगी एक दूसरे की." आम्ही दोघांनी एकदम मान हलवली. संध्याकाळी खोलीत देवाला, जुन्या सरांना, आत्याबाईंना, संदीपला, सगळ्यांना हात जोडून झाले. रज्जाकचाचांनाही जोडले.

६ सप्टें.

मिश्रचा सराव. एका फेरीत चार बाण, दोन तिचे, दोन त्याचे, ऐंशी सेकंदांत. आधी मी, मग तो.

मी ओढलं, मागून नामदेव, "मोकळं." दहा. पुन्हा ओढलं, "मोकळं." दहा. मग तो गेला, मी मागून म्हटलं. आम्हाला कळलंही नाही की आपण काही वेगळं करतोय. शेजारच्या रांगेतले वळून बघायला लागले तेव्हा लक्षात आलं.

को. सर आले. "ये क्या मोकला मोकला लगा रखा है? यहाँ कौनसी भैंस आ रही है?"

नामदेवनं हिंदीत समजावलं. सर हसले नाहीत. म्हणाले, फायनलच्या मैदानात भोंगे असतात, प्रेक्षक असतात, एकमेकांचं काही ऐकू येत नाही. आजपासून बंद. बरोबरच आहे त्यांचं. बंद केलं. सरावात उरलेले बाण ठीक गेले, थोडे उशिरा.

८ सप्टें.

उपांत्यपूर्व. समोर पिवळे टी-शर्ट, फार नावाजलेली जोडी नव्हे.

तिसऱ्या फेरीपर्यंत आम्ही दोन गुणांनी पुढे. चौथ्या फेरीत माझा पहिला बाण दहा. दुसरा ओढला. ठिपका पिवळ्यात स्थिर, हात स्थिर, सगळं जागच्या जागी. आणि मी सोडेना. काही चुकलेलं नव्हतं. मी फक्त थांबले होते. मागे नामदेवचा श्वास ऐकू येत होता आणि तो काही बोलत नव्हता. कशाची वाट बघतेय हे डोक्याला माहीत नव्हतं, खांद्याला होतं.

धनुष्य उतरवलं. पुन्हा ओढलं, घाईत सोडलं. सात. नामदेवला दोन बाणांना उरले जेमतेम पंधरा-सोळा सेकंद. त्यानं मारले कसे, तोच जाणे. दहा आणि नऊ. बरोबरी.

मग एकेक बाण. मी रेषेवर गेले. ओढलं. मागून, हळू पण स्पष्ट, "मोकळं." दहा. त्याचाही दहा. त्यांचा एक नऊ गेला.

को. सरांनी रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुपारी उपांत्य फेरीत स्वतःच नामदेवला म्हणाले, "बोल ले भाई." तो बोलला, आम्ही जिंकलो. आठही बाणांत माझा एकही नऊ नाही.

आता फायनल. पदक नक्की, रंग बाकी. घरी फोन केला तर आत्याबाई म्हणाल्या, "मग आता कामून रडू लागली?"

९ सप्टें.

आज फायनलचं मैदान दाखवलं. खुर्च्याच खुर्च्या, दोन बाजूंना भोंगे, गाणी चालू. नामदेव माझ्यामागे चार हातांवर उभा राहून ओरडला, मी वळून बघितलं तर ओठ हललेले दिसले फक्त.

को. सर माझ्याशी शांतपणे बोलले. असे बोलले की जास्त भीती वाटते. वैयक्तिक स्पर्धेत असं होत नाही ना? नाही, म्हटलं. एकटी असले की काही नाही होत. मागे नामदेव असला की अंगाला वाटतं, हर्सूल आहे, मध्ये वाट आहे. सर म्हणाले, कल जो हो सो हो, पण पुढच्या शिबिरात मग जोड्या बदलून बघाव्या लागतील. त्यांचं चूक नाही. नामदेवला ती उंच पोरगी, मला दुसरा कुणीतरी. दुसरा कुणी म्हणजे कुणी नाही, हे मला कळतं. छत्तीसच्या बाईसाठी कोण नवी जोडी जमवत बसेल.

संध्याकाळी नामदेवला विचारलं, मी मोकळं म्हणत नव्हते तेव्हा तू कसा मारत होतास?

त्यानं आधी बुटाची नाडी बांधली. मग म्हणाला, "मी मनातच म्हणतो ताई. तुमच्या आवाजात."

"सुचलं कसं?"

"सुचलं नाय. ऐकू यायलं."

दहा वर्षं एका मैदानावर आहोत. इतकी गोड गोष्ट मला या मुलानं कधी सांगितली नव्हती आणि सांगून तो सरळ जेवायला निघून गेला.

१० सप्टें.

रौप्य!

हे आधी लिहिते, कारण खालचं लिहिताना विसरेन की आज मी आनंदात आहे.

आळीपाळीनं मारायचं. एक आमचा, एक त्यांचा असं नव्हे, आमच्या दोघांचा एकेक, मग त्यांच्या दोघांचा. ओढलं की नामदेवचा आवाज मनात आणायचा असं ठरवलं होतं. पहिल्याच बाणाला आणायला गेले तर आला आत्याबाईंचा. "उरक." शप्पथ, असा खणखणीत की मी दचकून सोडला. दहा. मग म्हटलं, हेच चालू द्या. तीन फेऱ्या आत्याबाईंनी मला खेळवलं. नामदेव मागे उभा, त्याला काय माहीत त्याची जागा गेलीय.

शेवटच्या फेरीत आम्ही बरोबरीत. माझा शेवटचा बाण. ओढलं, आणि नेमका तेव्हाच भोंगा बंद झाला. सगळं मैदान गप्प. इतकं गप्प की नामदेवचा श्वास आला. आणि मी थांबले. त्यानंही तोंड उघडलं नाही. फायनलला बोलायचं नाही असं ठरलेलं, शब्दाला पक्का. मी धरून राहिले, हात भरून आला, आठ.

नामदेवनं नंतर दहा मारला. एका गुणानं गेलं.

पोडियमवर जाताना तो म्हणाला, "मी बोलायला पायजे होतं." मी म्हटलं, मी सोडायला पाहिजे होतं. मग दोघं हसलो, काय करणार. ध्वज वर गेला, दुसऱ्या क्रमांकाचा, थोडा खाली. मला तो कमी वाटला नाही. खरंच नाही वाटला. बिडकीनच्या सुनेला आणि देवगावच्या मेंढपाळाच्या पोराला शेजारी उभं करून कुणी पदक घातलं, आणखी काय मागू? मागेन उद्या. आज नाही.

१५ सप्टें.

घरी. स्टेशनपासून ढोल. ओवीनं पदक तोंडात घालून बघितलं. आत्याबाईंना सांगितलं, तुमचा आवाज आला तिथं. त्या म्हणाल्या, "मग शेवटच्या टायमाला कुठं गेल्ते मी?" संदीप हसून हसून खाली बसला.

१९ सप्टें.

सत्कार. हार, शाल, नारळ, भाषणं. एक मोठे साहेब बोलायला उठले. म्हणाले, आमच्या या खेळाडूंना सराव करताना मधून जनावरं जातात, माणसं जातात, किती हा त्रास. आता हर्सूलच्या मैदानाला दोन्ही बाजूंनी भिंत घालून देतो, पायवाट कायमची बंद. कामाला याच महिन्यात सुरुवात.

टाळ्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. मला लगेच को. सरांचं शिबिर आठवलं. वाट नाही तर थांबणं नाही. थांबणं नाही तर जोडी मोडायचं कारण नाही. नामदेवकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता, पण नेहमीसारखा खाली बघून.

को. सरांना संदेश पाठवला. पाच मिनिटांत फोन. "बहुत बढ़िया. छह महीने बंद मैदान पे मारो, आदत अपने आप जाएगी. मैं जोडी नहीं तोडूंगा." देव पावला असं वाटलं.

२१ सप्टें.

मैदानावर गेले. रज्जाकचाचा म्हशी घेऊन उभे होते वाटेच्या कडेला. अभिनंदन केलं, डोक्यावर हात ठेवला. भिंतीचं त्यांना कळलेलं. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "अच्छा हुआ बेटी. तुमारे कू तकलीफ होती थी. हम उधर से जाते, रोड से."

रोडवरून म्हणजे ट्रक. आणि याच वाटेनं जाणाऱ्या भाजीवाल्या बायकांना तळ्यापर्यंत केवढा मोठा वळसा. मी म्हटलं, चाचा, तुम्हालाच आमच्यामुळे थांबावं लागायचं.

"तो क्या हुआ. तुम मार लेते थे तब तक खडे रहते थे. भैंसों कू भी मालूम हो गया."

असंच म्हणाले, सहज. आणि शेपटाला हात लावून म्हशी हाकल्या.

मी मैदानाच्या कडेला दगडावर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, आम्ही थांबतो. आमचा नियम, आमची शिस्त, आम्ही माणसं जाऊ देतो. वाट त्यांची. मैदानाच्या आधीपासूनची. डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका ऊन सोसत कडेला उभ्या राहायच्या, आमचे सहा-सहा बाण होईपर्यंत, रोज, आणि एकीनंही कधी कुरकुर केली नाही. आम्ही मोकळं म्हणायचो ते त्यांनी मोकळं करून दिलेलं असायचं. सत्कारात मी सगळ्यांचे आभार मानले. साहेबांचे दोनदा. यांचं नाव माझ्या तोंडी आलं नाही, आणि वर त्यांची वाट बंद होताना मी टाळ्या वाजवल्या.

२२ सप्टें.

नामदेवला चहाच्या टपरीवर गाठलं. चाचांचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "मला म्हायती होतं ताई." कसं? "आमची मेंढरं बी अशीच थांबत्यात, लोकांच्या वावराच्या कडंला. कुणी जाऊ देईस्तोवर. थांबणाऱ्याला कळतं कोण थांबलंय ते."

मग तू टाळ्या का वाजवल्यास?

"तुम्ही वाजवू लागल्या म्हणून."

मला याच्यावर रागावताही येत नाही.

साहेबांच्या ऑफिसात फोन केला. भिंत नको, असं म्हटलं. पलीकडचा माणूस आधी हसला, त्याला वाटलं विनयानं म्हणतेय. मग म्हणाला, मंजूर झालंय मॅडम, घोषणा झालीय, आता नको कसं म्हणता, पेपरला आलंय. समक्ष या. समक्ष गेलो तर साहेब मुंबईला.

संदीपला विचारलं. तो म्हणाला, तुझं ऑलिम्पिक जाईल की गं. मी म्हटलं, जाईल कदाचित. तो म्हणाला, बरं, हर्सूलला रोज सकाळी मीच सोडतो तुला गाडीनं, मग कामावर जाईन. म्हणजे आहे माझ्या बाजूनं. त्याची पद्धत तशीच आहे. असा नवरा मिळाला हेही लिहून ठेवायला हवं कुठंतरी, म्हणून लिहिलं.

२४ सप्टें.

आज सराव केला, पायवाट चालू असताना, जुन्या पद्धतीनं. फक्त एक बदल. कुणी येताना दिसलं की आधी त्यांना जाऊ द्यायचं. ओढलेलं असलं तरी उतरवायचं. नवीन पोरींना कंटाळा आला. सकाळभरात नेहमीच्या निम्मे बाण झाले. माझे बरे गेले, नामदेवचे उत्तम. पण ही सवय माझ्या अंगात आणखीच मुरणार, हे मला दिसतंय. शिबिर पुढच्या महिन्यात. को. सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगितल्यावर ते काय म्हणतील तेही माहीत आहे, फक्त कोणत्या आवाजात, ते माहीत नाही.

निघताना नामदेव म्हणाला, "जोडी मोडली तर मी त्या पोरीसंगं बी मारीन ताई. पण तुमचाच आवाज ऐकून मारीन, ते सांगून ठिवतो." मी धनुष्याची पेटी बंद करत बसले, ती आधीच बंद होती.

ठेकेदाराची माणसं उद्या सकाळी चुन्याची फक्की टाकायला येणार आहेत, भिंतीची रेघ आखायला. आम्ही दोघं त्यांच्या आधी जाणार. धनुष्य न घेता. भाजीवाल्या बायका येतो म्हणाल्या, चाचा म्हशींसकट. सगळे पायवाटेवर उभे राहणार. मी पन्नास मीटरच्या या टोकाला आयुष्य काढलं, मधल्या त्या वाटेवर कधी नुसती उभी राहिलेली नाही. तिथून टार्गेट केवढं दिसतं, बघते.